एफ-अकरा

इन्व्हरकार्गिलला वारा दक्षिणेकडून सुटला
की दिवे एकदा मिटतात, एकदा उघडतात,
पेंगणारं माणूस दचकून जागं व्हावं तसे.
बस, तेवढ्यात काम होऊन जातं.
सकाळी माझा फोन वाजू लागतो.

आज एफी मॅकॅलिस्टर. वय एक्क्याऐंशी.
शाळेच्या बससाठी पैसे जमवायचेत म्हणून
चाळीस डझन चीज रोल कबूल करून बसलेली बाई.
टेबलभर पावाच्या सुरळ्या, ओल्या फडक्याखाली,
आणि ओव्हन म्हणतो, एफ-अकरा.
तांबड्या अक्षरांत. तेवढंच.
कुठे दुखतंय ते सांगत नाही.

"याला तापायचं तरी आहे का?"
तिचा र दगडावरून गाडं जावं तसा गडगडतो.
तो तापायला तयार आहे, बाई.
मीटर लावून पाहिलं मी:
तार धडधाकट, पंखा धडधाकट, दाराचं रबरसुद्धा.
बिघडलाय तो त्याचा विचार करणारा भाग,
तळहाताएवढी हिरवी पाटी.
ती एकटी मिळत नाही.
काचेसकट घ्यायची, बटणांसकट,
इटलीहून येणार, सहा आठवडे,
सातशे ऐंशी डॉलर.

आकडा सांगताना मी बूट बघतो.
माझेच.
नवा ओव्हन नऊशेला आहे, हेही सांगतो.
तोही असाच विचार करणारा.

"चर्चच्या हॉलमधला बघ,
त्याची मूठ तुटली तेव्हा अँगसने
कपडे वाळत घालायचा चिमटा बसवला.
अँगस गेला. चिमटा आहे."
मग तिथे भाजा की.
"तिथे शनिवारपर्यंत बॅडमिंटन आहे."

आता हे मी करायला नको.
हमी नसते, कंपनीचा कागद नको म्हणतो,
पण पाटी दिव्याखाली धरली
आणि भिंगातून दिसलाच तो:
करंगळीच्या नखाएवढा कपॅसिटर, पोट फुगलेला.
किंमत चाळीस सेंट.
तो सुटा विकायची कंपनीची रीत नाही.
दात दुखला तर डोकं बदला,
असं त्यांचं वैद्यक.

माझ्या व्हॅनमध्ये बिस्किटांचा एक डबा आहे,
त्यात मेलेल्या पाट्या.
विंटनची, गोरची,
ब्लफच्या एका कालवंवाल्याची, खाऱ्या हवेने हिरवट पडलेली.
त्याचंच एक इंद्रिय काढलं, इथे बसवलं.
डाग देताना राळेचा धूर
कांद्याच्या आणि चीजच्या वासात मिसळला.
एफी खुर्चीवर, मांडीवर हात,
नातेवाईक बसतात तशी. दवाखान्यात.

वीज जोडली.
एफ-अकरा गेला.
शून्य शून्य, शून्य शून्य. लुकलुकत राहिला.
"आता काय म्हणतो?"
वेळ विचारतोय. घड्याळ लावल्याशिवाय
ही जात तापत नाही.
"भाजायला याला वेळ कशाला कळायला हवी?"
बावीस वर्षं या धंद्यात आहे,
याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

साडेतीन वाजले होते. मी बटणाला हात घातला,
ती म्हणाली, "दहा मिनिटं पुढे लाव.
अँगस पुढेच ठेवायचा.
मला सगळीकडे उशीर होतो म्हणून."

लावलं. तीन-चाळीस.
ओव्हनने मुकाट्याने ऐकलं
आणि आत नळी हळूहळू लाल होत गेली.

बिलात सुटा भाग या रकान्यात काय लिहावं, सुचेना.
रेघ मारली.
तिने पैसे दिले, वर सहा रोल, एका बाजूने करपलेले.
"किती दिवस चालेल?"
पुढचा दक्षिणेचा वारा येईपर्यंत, म्हणालो.
ती खिडकीबाहेर बघत राहिली,
कुंपणापलीकडे मेंढ्या
वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"मग घाई करायला हवी," म्हणाली,
आणि दुसरा ट्रे उचलला.